वाणातली बेअरिंगं

पानिपतावर जे गेलं ते परत येत नाही. अडीच शतकं उलटली, तरी काला अंबच्या स्मारकाच्या आवारात पाऊल टाकलं की मराठी माणूस आपोआप हळू बोलायला लागतो, मोबाइल खिशात ठेवतो आणि जे परतले नाहीत त्यांच्याविषयी काहीतरी खोल वाटून घेतो.

यशोधन पळसुलेचं त्या आवारात मोटरसायकलच्या मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं. ते करोल बागेत मिळतं.

यशोधन बत्तीस वर्षांचा, मूळ पुण्याचा, गुरुग्रामच्या एका काचेच्या इमारतीत बाराव्या मजल्यावर नोकरीला. कंपनीचं काय काय वाईट होऊ शकतं याची यादी करणं हे त्याचं काम. अशीच यादी तो घरी आल्यावरही करायचा, बिनपगारी. दर वर्षीप्रमाणे यंदाही चौदा जानेवारीला सुट्टी टाकून तो एकटाच पानिपतला आला होता, धुक्यातून, ताशी पन्नासच्या वर न जाता. आणि आता पार्किंगमध्ये मागच्या चाकाशी उकिडवा बसून ते हाताने फिरवत होता, थांबवत होता, पुन्हा फिरवत होता... ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नातेवाइकाच्या चेहऱ्याने.

"तिळगूळ घ्या," मागून आवाज आला, "आणि ते चाक परत एकदा फिरवा."

त्याने वळून पाहिलं. मोहरीच्या फुलाच्या रंगाचा स्वेटर, धुक्याने ओली झालेली एक बट, हातात तिळगुळाचा डबा. नजर मात्र त्याच्याकडे नव्हती. चाकाकडे होती.

"काय?"

"चाक. फिरवा ना. मला ऐकायचंय."

त्याने फिरवलं. घर्रर्र... टक्... घर्रर्र. ती सरळ त्याच्या शेजारी जमिनीवर बसली, त्याच्या टूलकिटमधला लांब स्क्रू-ड्रायव्हर उचलला, त्याचं टोक चाकाच्या मधल्या नटाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. तिच्या ओठाच्या कडेला एक तीळ चिकटला होता, खायचा. तो सांगावा की सांगू नये, या प्रश्नात यशोधनने चाक चार वेळा जास्त फिरवलं.

"बेअरिंग गेलंय," डोळे न उघडता ती म्हणाली.

"तुम्ही मेकॅनिक आहात?"

"ऑडिओलॉजिस्ट. हॉस्पिटलमध्ये लोकांचे कान तपासते. पण बाबांच्या स्कूटरला माझ्या दहावीपर्यंत हाच आवाज होता."

"मग?"

"मग एकदा चाक लॉक झालं. चालत्या गाडीवर, ऐन चौकात." तिने डोळे उघडले आणि त्याचा चेहरा पाहिला. "बाबा ठीक आहेत. ते काय, तिकडे बससमोर फोटो काढतायत. हा आवाज कधीपासून येतोय?"

"दहा दिवस. मला वाटलं हेल्मेटमधून येतोय. मला तसे बरेच आवाज येतात."

"अच्छा. म्हणजे तुमचे कानही बघायला हवेत."

"कधी?" त्याने विचारलं, आणि आपण हे विचारलं या गोष्टीची त्याला लगेच भीती वाटली.

ती हसली. तीळ तसाच राहिला.

तिचं नाव मयुरा कारखानीस. लक्ष्मीबाई नगरच्या मराठी मंडळाची बस दर वर्षी या दिवशी पानिपतला येते, तिच्यातून ती आईबाबांबरोबर आली होती. प्रश्न यशोधनचा होता. शंभरेक किलोमीटर परत जायचं, आणि चाक केव्हाही लॉक होऊ शकतं. मंडळाचे अध्यक्ष गुलाबराव यांनी सगळं ऐकून घेतलं, मफलर सारखा केला आणि गंभीरपणे निर्णय दिला.

"मराठी माणसाला पानिपतावर एकटं सोडून जायचं नाही. एकदा झालं तेवढं पुरे."

परतीचा प्रवास असा झाला : पुढे ताशी पस्तीसच्या वेगाने यशोधन, मागे दहा हात अंतर राखून मंडळाची बस. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर मयुरा. तिची नजर मागच्या चाकावर, आणि तिच्या खांद्यावरून उरलेल्या एकेचाळीस जणांची. चाक डावीकडे डुललं की बसमधून सुस्कारा निघे. त्याने ब्रेक दाबला की तीन काकू एकदम "अगंबाई" म्हणत. अंताक्षरी आपोआप बंद पडली. यशोधनच्या मानेला मात्र मागून एवढ्या नजरा लागल्याचं कळत होतं, आणि त्यातली एक कोणती, याचा तो अंदाज करत होता, जे त्या वेगातही धोक्याचं होतं.

साडेतीन तास असे गेल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, ये बारात उतारनी कहाँ है?"

मयुराने स्वेटरची बाही उगाच खाली ओढली.

त्याच चाकावर पुढे गुरुग्रामला जायची यशोधनची हिंमत नव्हती. मोटरसायकल कारखानीसांच्या क्वार्टरमागे जिन्याखाली लागली.

"राहू दे की," मयुराचे बाबा म्हणाले. गुणवंत कारखानीस एका मंत्रालयात अवर सचिव होते. "एकतीसपर्यंत काही हरकत नाही. एकतीसला मी रिटायर होतोय. एक तारखेला ट्रक येणार, चलो पुणे. तिघंही."

तिघंही... हा शब्द यशोधन मेट्रोत बसून गुरुग्रामपर्यंत घेऊन गेला.

मयुराच्याही तो डोक्यात होता, पण वेगळ्या कारणाने. तिच्या हॉस्पिटलने तिला आणखी तीन वर्षांचं काँट्रॅक्ट देऊ केलं होतं. तो कागद सही न करता तिच्या पर्समध्ये पडून होता. दिल्लीत राहायचं तर आईला कारण द्यावं लागणार होतं, आणि पंधरा जानेवारीच्या सकाळी जिन्याखालच्या त्या गाडीकडे बघताना तिच्या लक्षात आलं की कारण सापडल्यासारखं वाटतंय. फक्त त्या कारणाने स्वतः तसं सांगायला हवं होतं. आपण पहिल्यांदा बोलायचं नाही, हे तिचं ठरलेलं होतं. मागे एकदा ती बोलली होती, तेव्हा समोरच्याने तिमाही संपेपर्यंत वेळ मागितला होता.

तर, एकतीस तारखेच्या आत. त्याने. आपणहून.

तो रविवारी आला. बरोबर नेटवरून छापलेलं वर्कशॉप मॅन्युअल, एक लोखंडी गज, हातोडी, आणि दुमडलेला एक कागद. नाक्यावरच्या मेकॅनिकने हे काम तासाभरात केलं असतं. ते दोघांनाही माहीत होतं, म्हणून मेकॅनिकचा विषय कुणीच काढला नाही.

"हा कागद कसला?" मयुराने तो उचललासुद्धा. वर लिहिलं होतं, 'काय चुकू शकतं', आणि खाली एकोणीस मुद्दे. ती मोठ्याने वाचू लागली. "एक : गाडी स्टँडवरून पडणे. दोन : गाडी अंगावर पडणे. बाप रे. सात : हात अडकणे. आठ : दुसऱ्या व्यक्तीचा हात अडकणे. ही दुसरी व्यक्ती कोण?"

"...तुम्ही."

"मला न विचारता यादीत घातलंत?"

"काळजी विचारून करत नाहीत."

हे तो सरळ बोलून गेला, आणि मग पान्याकडे बघत राहिला. मयुरानेही कागदावरून नजर उचलली नाही. "नऊ?" तिने विचारलं.

"नऊ राहू दे." त्याने कागद तिच्या हातातून काढून घेतला. बोटांना बोटं लागली. दोघांच्याही बोटांना ग्रीस होतं.

चाक निघालं. त्याच्या पोटात दोन बाजूंना दोन बेअरिंगं असतात आणि मध्ये एक नळी. एका बाजूने गज घालायचा, नळी किंचित सरकवायची, समोरच्या बेअरिंगची कड पकडायची आणि हळू ठोकायचं. एकदा इकडे, एकदा समोर. एकाच बाजूला ठोकत राहिलं तर ते तिरकं होऊन अडकतं. यात प्रेमाविषयी काही सूचित केलंय असं कुणी समजू नये. मॅन्युअलात पान एकशे बारावर हे असंच दिलेलं आहे.

पहिलं निघालं. दुसरं निघेना. मयुराने गरम पाण्यात बुडवलेलं फडकं हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, गुंडाळलं, दोघं गुडघ्यांवर हात ठेवून वाट बघत बसले, आणि वाफ त्यांच्या मधून वर जात राहिली.

"तुम्ही पुण्याला जाणार," तो वाफेकडे बघत म्हणाला.

"हं."

"पुणे चांगलं आहे."

"हं."

"म्हणजे... हवा."

मयुरा वाट बघत राहिली. फडकं गार झालं. त्याने हातोडी उचलली, आणि दुसरं बेअरिंग सुटून वर्तमानपत्रावर पडलं. ती बोटावर घेऊन फिरवली तर दोन्ही जुनी बेअरिंगं म्हाताऱ्या माणसाने घसा साफ करावा तशी खरखरत होती.

एकतीस तारखेला तेरा दिवस उरले होते.

नवी बेअरिंगं त्याने करोल बागेतून आणली, तीसुद्धा चौकशीसाठी मयुराला दोनदा फोन करून. दुसऱ्या फोनमध्ये बेअरिंगचा उल्लेख नव्हता. त्याने फक्त विचारलं की सकाळच्या धुक्यात तुम्ही हॉस्पिटलला कशा जाता, आणि मयुराने मेट्रोचं स्टेशन, डबा, कोणती बाजू, सगळं सविस्तर सांगितलं. फोन ठेवल्यावर त्या दिवशी तीन पेशंटना आवाज ऐकू आला का हे विचारायचंच ती विसरली.

शनिवारी तो बेअरिंगं घेऊन आला. "ही रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची," त्याने समजावलं. "थंडीने केसभर आकसतात, मग नीट बसतात. ठोकावं लागत नाही फार."

दिल्लीतल्या मराठी घराचा फ्रीझर म्हणजे घराण्याचा खजिना. पुण्याहून आलेल्या पुरणपोळ्या, खोवलेला नारळ, आमरस, सोललेले मटार, सगळं तिथे, आणि सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. मयुराने दोन्ही बेअरिंगं कागदात गुंडाळली, पांढऱ्या झाकणाच्या डब्यात भरली आणि नारळाशेजारी ठेवली. संध्याकाळी आईचं या क्वार्टरमधलं शेवटचं हळदीकुंकू होतं, दुसऱ्या दिवशी रथसप्तमी. यशोधन लगबगीने निघून गेला. एकदम इतक्या काकू, हा त्याच्या यादीत आधीच एक मुद्दा होता.

रविवारी सकाळी यशोधन आला, तर डबा नव्हता. फ्रीझरच रिकामा होता.

"वाटून टाकलं मी," आई म्हणाली. कल्पना कारखानीस सामानाच्या खोक्यावर बसून दोरी कापत होत्या. "ट्रकमधून काय पुरणपोळ्या नेणार? वाणाची गाळणी दिली, आणि प्रत्येकीला एकेक डबा."

"आई, पांढऱ्या झाकणाचा कुणाला दिलास?"

"तेवीस बायका होत्या मयुरा, दूध उतू चाललेलं. मी काय झाकणं बघत बसू? जड होता तो, म्हटलं नारळ असेल. का? काय होतं त्यात?"

मयुराने सांगितलं. आईच्या हातातली कात्री थांबली.

"वाणात लोखंड," ती हळूच म्हणाली. "एकवीस वर्षं राहिले या कॉलनीत. आणि जाताना सवाष्णीच्या हातात मी तेलकट लोखंड ठेवलं."

"गाळणीपण स्टीलचीच होती ना," यशोधन धीर द्यायला गेला.

आईने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर खाली घेतली. "आणि कुणी नारळ समजून मिक्सरला लावलं तर..." तो स्वतःशीच बोलला, आणि त्याचाच चेहरा पडला. करोल बागेतून दुसरी जोडी आणता आली असती, पण आता प्रश्न गाडीचा राहिला नव्हता. आईने तेवीस नावं सांगितली. लिहायला कागद हवा होता. यशोधनने खिशातून दुमडलेला कागद काढला, मयुराने त्याच्या कोऱ्या बाजूवर नावं उतरवली, आणि दोघं निघाले.

पहिलं घर त्याच जिन्यातल्या अलकनंदाकाकूंचं. त्यांनी फ्रीझर उघडला. आत श्रीखंडाचे अकरा डबे होते, त्यांचे स्वतःचे.

"उघडून बघ तूच," काकू म्हणाल्या, आणि आवाज न उतरवता पुढे विचारलं, "हे कोण?"

मयुराचा हात तिसऱ्या डब्यावर थांबला. "गाडीच्या कामाला आलेत."

"चांगले कपडे घालून येतात हल्ली," काकू म्हणाल्या.

डब्यांत नारळ, आमरस, इडलीचं पीठ आणि एका डब्यात खरोखर श्रीखंड निघालं. बेअरिंगं नव्हती.

गुलाबरावांच्या घरी दार त्यांनीच उघडलं. यशोधनला बघून ते क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "जरा वळा बघू." यशोधन वळला. "हां. आता ओळखलं. तुम्हाला आम्ही साडेतीन तास मागूनच पाहिलंय हो." त्यांनी सहलीची वही काढली. "त्या दिवशी तुमची नोंद करायची राहिली. काय लिहू? हे कोण म्हणून?"

यशोधनने मयुराकडे पाहिलं. मयुराने वहीकडे पाहिलं.

"पाहुणे लिहा," ती म्हणाली.

"कुणाचे?"

"...मंडळाचे."

सहावं घर, नववं, बारावं. प्रत्येक दारात आधी डबा, मग तोच प्रश्न. यशोधन कुठे बाबांच्या ऑफिसमधला झाला, कुठे पुण्याच्या मावशीच्या ओळखीतला, एका ठिकाणी गॅसवाला. प्रत्येक वेळी मयुरा उत्तर देण्याआधी अर्धा श्वास थांबायची, म्हणजे त्याला हवं असेल तर त्याने द्यावं. तो प्रत्येक वेळी तोंड उघडायचा... आणि "नमस्कार" म्हणायचा.

सतराव्या घरी रुचिता होती, कोल्हापूरहून चार महिन्यांपूर्वी बदलीवर आलेली. तिने दोघांना बसवलंच, चहा टाकला आणि आतून विचारलं, "तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली हो?"

"नाही नाही," मयुरा म्हणाली.

चहा पिऊन दोघं जिन्यात आले, तर बाहेर भुरभुर पाऊस सुरू झालेला. ते छज्ज्याखाली उभे राहिले. त्याच्या खांद्याचं जॅकेट आणि तिच्या स्वेटरची बाही यांच्यात दोन बोटांचं अंतर होतं, आणि दोघंही ते मोजत होते.

"तुम्ही दोनदा 'नाही' म्हणालात," तो म्हणाला.

"मग किती वेळा म्हणायचं?"

"एकदा पुरलं असतं."

"का?"

"दुसरं जरा... लागलं."

मयुरा पावसाकडे बघत राहिली. गालात आलेलं हसू तिने तिथेच धरून ठेवलं.

"याला मावठा म्हणतात," तो घाईघाईने म्हणाला.

"कशाला?"

"या पावसाला. हिवाळ्यात अवेळी येतो तो. तुम्हाला माहीत नाही?"

"मी दिल्लीत वाढलेय, यार. आमच्याकडे बारिश असते. चांगला असतो का हा?"

"नाही. आंब्याचा मोहोर गळतो."

"तुमच्याकडे चांगलं कधीच काही होत नाही का?"

सहा दिवस, मयुराच्या मनात आलं. सहा दिवसांनी ट्रक भरायला सुरुवात, आणि हा माणूस मोहोराबद्दल बोलतोय. उरलेली नावं बघायला तिने कागद उघडला. तो उलटा उघडला गेला. 'काय चुकू शकतं.' सात, आठ. आणि आठच्या खाली, त्याच नीटनेटक्या अक्षरात :

'नऊ : काम लवकर संपणे.'

तिने ते दोनदा वाचलं. पावसाचा आवाज तिला एकदम फार स्पष्ट ऐकू यायला लागला, एकेका थेंबाचा वेगळा. कागद तिने घडी घालून पर्समध्ये ठेवला, काँट्रॅक्टच्या शेजारी.

"किती राहिली?" त्याने विचारलं.

"बरीच," ती म्हणाली. सहा राहिली होती.

पाच घरं झाली. शेवटचं दार कारखानीसांच्याच जिन्यात, वरच्या मजल्यावर, इंदुमती आजींचं. आजी ब्याऐंशीच्या. मुलगा आणि सून ड्यूटीवर, त्या एकट्याच होत्या. मयुराला बघून त्यांनी कानामागच्या मशीनला हात लावून दाखवला. ते मशीन तिनेच दिवाळीत बसवून दिलं होतं.

"डबा ना?" आजी म्हणाल्या. "फार कामाचं वाण दिलं हो तुझ्या आईने. बघ ये."

देवघरात चौरंग होता. त्याचे कर्णावरचे समोरासमोरचे दोन पाय आखूड, त्यामुळे तो कित्येक वर्षं डुगडुगायचा, आणि समईतलं तेल सांडायचं. आता डुगडुगत नव्हता. दोन पायांखाली दोन नवी कोरी बेअरिंगं होती.

यशोधन गुडघ्यांवर बसला आणि त्याने वाकून पाहिलं. देव, चौरंग, बेअरिंग. कुठून ओढलं तर काय पडेल, याची यादी त्याच्या डोळ्यांसमोरून सरकली असणार.

"आणि हा कोण?" आजींनी विचारलं. मयुराला नाही विचारलं. त्यालाच विचारलं. "तू कोण रे?"

मयुरा दर वेळी अर्धा श्वास थांबायची. या वेळी पूर्ण थांबली.

यशोधन तसाच जमिनीवर होता. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला. "मी... आजी, मला मयुराशी लग्न करायचंय. म्हणजे तिची हरकत नसेल तर. तिला अजून विचारलेलं नाही. विचारायचं होतं, पण बेअरिंग..."

"मोठ्याने बोल. ऐकू येत नाही मला."

त्याने मयुराकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात पर्सवर घट्ट होते.

"मला मयुराशी लग्न करायचंय," तो वरच्या पट्टीत म्हणाला.

"काय करायचंय?"

"लग्न. मयुराशी. ती एक तारखेला जाणार आहे, आणि ती जाऊ नये असं मला वाटतं, आणि मला चौदा तारखेपासून झोप नाही."

हे शेवटचं जिन्यातून थेट खालपर्यंत गेलं. मधल्या मजल्यावर कुणीतरी कुकर बंद केला. अलकनंदाकाकूंचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि ते परत लागल्याचा आला नाही.

आजी मयुराकडे वळल्या. "तुझं काय गं?"

"हो," मयुरा म्हणाली, इतकं हळू की तिचं तिलाच जेमतेम कळलं.

"हो म्हणतेय," आजींनी त्याला सांगितलं.

यशोधन उठून उभा राहिला. गुडघ्याला धूळ होती, ती त्याने झटकली नाही. "त्यांना हे ऐकू आलं?" त्याने विचारलं.

"मशीन मी लावलंय," मयुरा म्हणाली. "त्यांना शेजारच्या घरात फोडणी पडलेली ऐकू येते."

"म्हणजे माझं पहिल्यांदाच..."

"पहिल्यांदाच."

"आणि तुला ते माहीत होतं?"

'तुला' म्हटलं गेलं होतं. दोघांच्याही लक्षात आलं, दोघांनीही ते दुरुस्त केलं नाही.

"मला परत ऐकायचं होतं," ती म्हणाली.

चौरंगाखालची नवी बेअरिंगं आजी सहजासहजी द्यायला तयार नव्हत्या. शेवटी यशोधन खाली धावला, दोन्ही जुनी बेअरिंगं रॉकेलने धुतली, मयुराच्या आईने त्यावर गंगाजल शिंपडलं, आणि अदलाबदल झाली. मापं तंतोतंत तीच होती. जुनी बेअरिंगं चौरंगाखाली उत्तम चालतात. तिथे फिरायचं नसतं.

खाली बाबा दारातच उभे होते. गुलाबरावांचा फोन येऊन गेला होता. त्यांनी यशोधनला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं आणि एकच विचारलं.

"गाडी किती वेगाने चालवता?"

"पन्नासच्या वर नाही."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले, आणि पेपर घेऊन आत गेले. आई मात्र आधी मयुराच्या, मग यशोधनच्या कपाळाला हळदीचं बोट लावून मोकळी झाली. लोखंड परत मिळालं होतं, आणि रथसप्तमी अजून संपायची होती.

चाक त्याच संध्याकाळी बसलं. नवी बेअरिंगं पुन्हा दोन तास फ्रीझरमध्ये राहिली, या वेळी डब्यावर आईने मोठ्या अक्षरात 'अखाद्य' असं लिहिलं. हबला गरम फडकं, वरून नवं बेअरिंग, ठोका फक्त बाहेरच्या कड्यावर. यशोधनने धरलं, मयुराने ठोकलं. मग तिने स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून डोळे मिटले आणि त्याने चाक फिरवलं.

"काय ऐकू येतंय?" त्याने श्वास धरून विचारलं.

"तू," ती म्हणाली. "श्वास सोड."

काँट्रॅक्टवर तिने सोमवारी सही केली. एक तारखेला ट्रक गेला, त्यात तिची तीन खोकी नव्हती. ती हॉस्पिटलजवळच्या हॉस्टेलवर राहायला गेली, आणि दर शनिवारी संध्याकाळी यशोधन तिला घ्यायला यायचा, मोटरसायकलवर, ताशी चाळीसने, कारण मागे ती होती.

लग्न मे महिन्यात पुण्यात झालं. मोटरसायकलला अकरा मार्चलाच पंधरा वर्षं पूर्ण झाली होती, आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोलची गाडी एनसीआरमध्ये चालवता येत नाही. नव्या बेअरिंगांवर ती एकूण तीनशे दहा किलोमीटर चालली.